न विचारता बदललेली टिप

मंडळी, आज रोह्याहून पेणला पूलची, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाची, मॅच खेळायला गेले आणि पहिल्याच फेरीत हरले. अजून डोकं तापलेलं आहे.

बॉलला फिरकी द्यायला मी स्टिकच्या टोकाला मुद्दाम मऊ चामड्याची टिप निवडली होती. फुगलेल्या कडा हलक्या हाताने घासून तिला हवी तशी गोलाई आणली होती. स्टिक पेणच्या क्लबमध्येच ठेवलेली असते.

वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकले, उशीर झाला, न बघताच खेळायला उभी राहिले. पहिलाच शॉट सटकला, मग सगळेच शॉट सटकत राहिले. बघते तर टिप नवी, दगडासारखी कडक!

क्लबचे मालक हसत म्हणाले, "ताई, मीच बदलली. बाईच्या हातात जोर नाय, कडकच बरी. तुमच्या भल्यासाठी केलं."

"आणि जुनी?"

"टाकली की."

"इथल्या किती पुरुषांची टिप न विचारता बदललीत?" मी सगळ्यांसमोर विचारलं. मी ब्लेड मागितलं, ती टिप तिथेच कापून त्यांच्या हातात दिली आणि स्टिक घेऊन निघाले.

आता तिथल्याच दोघांचे मेसेज आलेत, "एवढं काय चिडायचं?" तुम्हीच सांगा, मी आभार मानायला हवे होते का?