पायाने पुसलेला झिरा

बापूसाहेबांनी माझा झिरा पायाने पुसला. चपलेसकट.

झिरा रांगोळीचा होता. सांगोल्याकडच्या आमच्या गावात त्या दिवशी देवळापुढे गावाचा नकाशा काढत होते. हवामान बदलतंय, पाऊस एक तर येतच नाही, नाही तर एका दिवसात सगळा ओतून जातो, म्हणून गावाने पाण्याचा आराखडा करायचा, असं पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या मॅडम सांगत होत्या. ज्याला झळ जास्त, त्याचा विचार आधी. हे त्या माईकवरून बोलल्या. मी हातात झाडू धरून ऐकलं. ती जागा आम्हीच झाडली होती, सडाही आम्हीच टाकला होता. आम्ही म्हणजे मांगवाड्यातल्या बाया. वस्तीच्या बोर्डावर आता दुसरं नाव आहे. बोलावणारे जुन्याच नावाने बोलावतात.

नकाशा झकास निघाला. देऊळ, शाळा, बापूसाहेबांची डाळिंबाची बाग. बागेला लागून ओढ्यावर निळ्या रांगोळीची जाड रेघ. तिथे बंधारा होणार होता. आणि नकाशातला ओढा तिथेच संपला. खऱ्या ओढ्याला त्याच्या खाली आमची वस्ती आहे आणि वाळूत आमचा झिरा. हाताने उकरायचा, पाणी पाझरायची वाट बघायची, वाटीने घागर भरायची. टँकर आला तर आला, झिरा कधी चुकला नव्हता. वर पाणी अडलं तर खाली काय येणार? मला राहवलं नाही. मी बसले, मूठभर रांगोळी घेतली, ओढा पुढे नेला, घरं काढली, झिऱ्याचा गोल काढला.

"तुला कुनी सांगितलं गं हात लावायला?" बापूसाहेब म्हणाले. "झाडायला बोलावलंय. झाडून झालं की सरकायचं."

"झिरा हाय की तितं, बापूसाहेब. आमी पितो."

"काय न्हाय तितं. नुसती वाळू."

आणि पाय फिरवला. माझी बोटं अजून तिथेच होती. चपलेची कड बोटांना लागली. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी बघितलं होतं. नक्की बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, जरा मागे व्हा, फोटो घ्यायचाय." कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी उठले, झाडू उचलला आणि घरी आले. रडले नाही.

बंधारा झाला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही झिरा उकरत राहिलो, कोपरापर्यंत हात आत गेला, वाळू कोरडीच. वर बापूसाहेबांची विहीर भरलेली. पाणी मागायला गेलो की त्यांचा गडी पाइप उंच धरून लांबूनच घागरीत सोडायचा. विहिरीला आमचा हात लागू नये म्हणून. आमच्याच ओढ्याच्या पाण्याची आम्ही भीक मागत होतो. खाली वाकून घागर धरताना मी दर वेळी ती चप्पल आठवायचे. मुद्दाम आठवायचे.

मग बाहेरून पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. गावचा आराखडा यशस्वी झाला होता, तो बघायला. बापूसाहेबांचा गडी दारात येऊन म्हणाला, "जागा झाडून घ्या. आन तुज्या बाला सांग, हलगी घिऊन वेशीवर थांबायचं."

बापूसाहेबांच्या घरातलं एकही लग्न माझ्या बापाच्या हलगीशिवाय झालेलं नाही. बाने सवयीने जाळ केला, हलगी शेकायला घेतली.

मी म्हणाले, "बा, जा. पर मयतीची वाजव."

त्याने मान वर केली. "आन उद्या काम कोन दील?"

"आता पानी तरी कोन देतंय?"

तो बराच वेळ हलगी जाळावर फिरवत राहिला. चामडं ताणलं. त्याने बोटाने टिचकी मारून बघितली.

"व्हय," म्हणाला. "वाजवतो की."

पाहुणे गाडीतून उतरले आणि मयतीचा ठेका सुरू झाला. आमच्याकडचं शेंबडं पोरही तो ओळखतं. अख्खं गाव गप्प झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने व्हिडिओ काढला. हातात हार धरलेल्या बापूसाहेबांचं तोंड उतरलं. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"थांबीव रं ते!" ते दातओठ खात, हळू आवाजात म्हणाले. बा थांबला नाही. तो देवळाकडे न वळता ओढ्याकडे वळला. पाहुण्यांना वाटलं, हाच कार्यक्रम. ते मागे निघाले. त्यांना अडवायचं तर का अडवतोय ते सांगावं लागलं असतं, म्हणून बापूसाहेबही हार घेऊन मागे आले. झिऱ्यापाशी, मी सांगून ठेवल्याप्रमाणे, आमच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

एका पाहुण्याने विचारलं, "हे कोणतं वाद्य?"

"हलगी," मी म्हणाले. "पर ठेका मयतीचा हाय. ह्यो झिरा मेलाय. मारनारा हार घिऊन तुमच्या मागं हुबा हाय."

मॅडमनी मान खाली घातली. मला दया आली नाही.

त्यानंतर बापूसाहेबांच्या बागेतलं आमचं मजुरीचं काम बंद झालं. बाला कोणी लग्नाला बोलावत नाही. मॅडमचा मात्र फोन आला. आराखडा सुधारायचाय, बंधाऱ्याला मोरी ठेवून खाली पाणी सोडायचं ठरतंय, नकाशा परत काढू, तुमची वस्ती तुम्ही स्वतः काढा. आवाज अगदी गोड.

मी नाही म्हणाले. मी काढणार नाही. जागाही झाडणार नाही.

मोरी तर होणारच, ती आम्ही करून घेऊ. पाणी आमचंच आहे, त्याचे उपकार कोणाचे मानायचे? पण नकाशा निघेल तो त्याच देवळापुढे, आणि झिरा काढतील बापूसाहेब. चप्पल बाजूला काढून, जमिनीवर बसून, स्वतःच्या हाताने. मी समोर उभी राहीन. गोल वाकडा आला तर पुसायला लावीन, परत काढायला लावीन. तोवर या गावात कोणीही पाहुणा येऊ दे, बा वेशीवर तीच हलगी वाजवणार आहे.