‘हिची खोली’, नकाशा चौदावा

माझे सासरे बांधकाम परवानगीच्या कार्यालयात एकतीस वर्षं लोकांचे नकाशे तपासत होते. जिन्याची पायरी अर्ध्या इंचाने कमी दिसली की नकाशा परत. लोक त्यांना मागून त्रुटीसाहेब म्हणायचे, आणि ते कानावर आलं की हे गृहस्थ खूश व्हायचे. निवृत्तीनंतर तपासायला दुसऱ्याचा नकाशा मिळेना, म्हणून स्वतःचेच काढून स्वतःच नापास करू लागले. घरामागे मोकळी जागा होती, तिथे एक खोली वाढवायची होती. ती सासूबाईंसाठी, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. निदान कागदावर तसं लिहिलेलं होतं.

आतल्या दोन खोल्यांपैकी एकीत आम्ही नवराबायको, दुसरीत सासरे आणि त्यांच्या नकाशांच्या गुंडाळ्या. सासूबाई बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायच्या. तिथेच टीव्ही, तिथेच चपला, तिथेच आल्यागेल्याची ऊठबस. पाहुणा उठेपर्यंत त्यांना आडवं होता यायचं नाही, आणि आमच्याकडचे पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत. त्यांची मागणी एवढीच होती, की स्वतःची एक खोली हवी आणि तिचं दार लावून बसता आलं पाहिजे.

“दार लावून करणार काय तू?” सासऱ्यांनी विचारलं.

“ते लावल्यावर बघेन,” सासूबाई म्हणाल्या.

हे उत्तर कुणाच्याच पचनी पडलं नाही. नुसतं बसायला कुणी खोली बांधतं का? मग जो तो मदतीला धावला. तिसऱ्या नकाशात सासऱ्यांचं कपाट आलं. पाचव्यात माझ्या नवऱ्याची व्यायामाची सायकल आली, जिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळलेत. आठव्यात कपडे धुण्याचं मशीन आलं, आणि खोटं कशाला बोलू, ते मीच घुसवलं. अकराव्यात मागे जायला दुसरं दार निघालं, म्हणजे सगळ्यांची ये-जा खोलीतूनच. वर मथळा मात्र दर वेळी त्याच वळणदार अक्षरात: ‘हिची खोली’.

चौदावा नकाशा अखेर पास झाला. गवंड्याला सोमवारी यायला सांगितलं, आणि रविवारी सकाळी सासऱ्यांनी स्वतः उकिडवं बसून मागच्या जागेत चुन्याच्या फक्कीने खोली आखली, खऱ्या मापाची, दोन्ही दारांपुरती रेघ मोकळी सोडून. मग आम्हाला रांगेत उभं करून नियम सांगितला.

“फक्की पडली की ती भिंत. ये-जा दारातूनच. वावरून बघितल्याशिवाय चूक कळत नाही.”

माझा नवरा रेघ ओलांडून दोरीवरचा टॉवेल घ्यायला गेला, तर त्याला परत फिरवून दारातून आणलं. दिवसभर आम्ही तीन शहाणी माणसं नसलेल्या भिंतींना वळसे घालत होतो. शेजारीण कुंपणापलीकडून हे बघत होती. थोड्या वेळाने तिने आपल्या नवऱ्यालाही बघायला बोलावलं.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, दारातून आत गेल्या आणि बसल्या. मागोमाग मी गेले, मशीनची जागा बघायला. नवरा सायकलीची लांबी पावलांनी मोजत आला. सासरे कपाटाची दारं पुरती उघडतील का, ते हात पसरून बघू लागले, आणि त्यांचा हात थेट सासूबाईंच्या नाकाशी आला.

“अगं, खुर्ची जरा सरकव ना.”

“कुठे?”

सासऱ्यांनी इकडे बघितलं तर सायकलीची जागा, तिकडे बघितलं तर मशीनची, आणि मधोमध वाट. त्यांनी खिशातून नकाशा काढला. कपाटाच्या मुठी दाखवल्या होत्या. मशीनच्या पाण्याची नळी दाखवली होती. खाट कुठेच नव्हती. उभ्या गावाच्या चुका शोधणाऱ्या माणसाने तो कागद उलटा करूनही बघितला.

“आई, मशीन राहू दे स्वयंपाकघरातच,” मी म्हटलं. फार उशिरा म्हटलं, हे मला तेव्हाच कळलं.

“बाहेर व्हा सगळे,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

आम्ही निमूट बाहेर पडलो, दारातूनच. त्यांनी कोपऱ्यातला फक्कीचा डबा घेतला, वाकून मागच्या दारावर जाड रेघ ओढली आणि दार बुजवलं. मग पुढच्या दारावरही ओढली, आणि पुन्हा जाऊन खुर्चीत बसल्या. मांडीवर हात, नजर समोर. काही करत नव्हत्या.

सासरे रेघेपाशी येऊन थांबले. नियम त्यांचाच होता, मोडणार कसा? चपलेचं टोक चुन्याला लागलं तसा त्यांनी पाय मागे घेतला.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत या घरात सासूबाईंना असं कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यांनी सावकाश विचार केला.

“आज नको,” म्हणाल्या.