व्याहीभेटीचा डबा

लेकीच्या लग्नाची बैठक ठरली त्या रविवारी मी होणाऱ्या व्याह्यांना मुलाचा थोरला भाऊ समजलो. दार उघडलं आणि म्हणालो, "या, बसा. वडील गाडी लावतायत का? ते वर आले की बोलू."

गाडी मुलगा लावत होता. वडील माझ्यासमोर उभे होते. काळेभोर केस, पोट आत, चेहऱ्यावर तकाकी. बायकोने पाण्याच्या निमित्ताने मला आत बोलावलं. "कानामागे रंग लागलाय त्यांच्या. तेवढं तरी बघायचं."

व्याही मात्र जाम खूश झाले. कामोठ्याच्या त्या गृहस्थांनी वर्षापूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि वय थांबवणाऱ्या कॅप्सूल विकायला सुरुवात केली होती. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी त्यांना विचारलं, "अठ्ठावन्नचे? वाटत नाही. काय खाता तरी काय?" आयुष्यात काही प्रश्न मुळीच विचारू नयेत, त्यातला हा पहिला.

साखरपुड्यात व्याहीभेट झाली. मी रीतीप्रमाणे त्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला, गळाभेट घेतली. त्यांनी माझ्या हातावर नारळ ठेवला आणि टोपीच्या जागी सोनेरी कागदातला एक डबा. "तीन महिन्यांचा कोर्स आहे, दादा. फरक स्वतः बघा." फोटोग्राफर म्हणाला, डबा जरा वर धरा. तो फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

आहेर परत करत नाहीत. आणि आपण मुलीकडचे. ही दोन वाक्यं मी पुढचे तीन महिने सकाळ-संध्याकाळ दोन-दोन कॅप्सूलांबरोबर गिळली. निदान गिळतो असं सांगत होतो, कारण चौथ्याच दिवशी डबा घेऊन मी आमच्या सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे गेलो होतो.

त्यांनी चष्मा वर करून मागचं बारीक अक्षर वाचलं. "कशाची कमतरता असेल तर जीवनसत्त्व मी स्वतः लिहून देईन. पण वय म्हणजे कमतरता नव्हे."

"म्हणजे उपयोग नाही?"

"तरुण होण्यासाठी? मला तरी माहीत नाही. आणि तुमच्या प्रेशरच्या गोळीशी यातलं काय भांडेल, ते या डब्यावर लिहिलेलं नाही. तोवर बंद ठेवा. चाला, झोपा, फरसाण कमी करा."

निर्णय पाच मिनिटांत झाला होता. घ्यायचं नाही. पण घ्यायचं नाही हे सांगायचं कसं? व्याही दर आठवड्याला फोन करायचे. "काय दादा, फरक?" मी म्हणायचो, "थोडा उत्साह वाटतो." थोडा म्हटलं की पुढच्या वेळी जास्त म्हणावं लागतं. दुसऱ्या महिन्यात मी जिने चढू लागलो होतो, तिसऱ्यात माझे केस दाट झाले होते. हे सगळं फोनवर.

तो माणूस लबाड असता तर सोपं होतं. ते स्वतः रोज त्याच कॅप्सूल श्रद्धेने घ्यायचे. नोकरी सुटल्यावर आपण अजून कुणाच्या उपयोगाचे आहोत, हे त्यांना त्या डब्यांतून सापडलं होतं. ते मोडायचं आणि तेही लग्न दीड महिन्यावर असताना, हे मला जमेना. लेक म्हणाली, "बाबा, मी सांगू का त्यांना?" मी म्हटलं, तू अजून त्या घरात जायची आहेस, गप्प बस.

मग फोन आला, रविवारी सकाळी कामोठ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग आहे, तुम्ही अनुभव सांगायचा. "आपलाच माणूस बोलला की वजन पडतं, दादा."

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. बायको आणि विहीणबाई मागे शेजारी बसल्या. व्याह्यांनी मला पुढे उभं केलं, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना विचारलं, "ओळखा बरं, यांचं वय किती?"

पहिल्या रांगेत नऊवारी नेसलेल्या एक आजीबाई होत्या, तिथल्याच जुन्या गावातल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बासष्ट-त्रेसष्ट असंल."

मी पंचावन्नचा आहे. व्याह्यांना ते माहीत होतं. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात खाली आला. चाळीस माणसांसमोर त्यांचं तोंड उतरताना मला दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकोणसत्तर."

टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. व्याह्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की मला वाटलं, झालं, सुटलो.

सुटलो कुठला. चहाच्या टेबलापाशी त्या आजीबाई डबा छातीशी धरून आल्या. "भाऊ, खरा सांगा. गुडघ्याला पन चालंल का? लेक देतो बोललाय पैसे, तुमचा बघून."

तुमचं बघून. मी आजूबाजूला पाहिलं. व्याही चार पावलांवर पावती फाडत होते. लेकीचं लग्न डोळ्यांसमोर आलं, मांडव, रुसलेला मुलाचा बाप. आणि समोर आजीबाईंचे सुजलेले गुडघे.

"आजी, मी पंचावन्नचा आहे," मी हळू म्हणालो. "मी त्या कॅप्सूल खात नाही. गुडघे डॉक्टरला दाखवा."

त्यांनी मला पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पंचावन? मंग तुमाला काय झालं एवढं?"

डबा त्यांनी टेबलावर ठेवला, अगदी व्याह्यांच्या पावतीपुस्तकाशेजारी. व्याह्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एरवी ते आम्हाला गाडीने सीवूड्सला आमच्या घरापर्यंत सोडायचे. त्या दिवशी म्हणाले, "बस लगेच मिळेल तुम्हाला."

बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत बसली. कळंबोली गेली, खारघर गेलं, मी एकटाच बोलत होतो. लग्न मोडेल का, मी माफी मागू का, दोन डबे विकत घेऊन टाकू का. बेलापूर आल्यावर तिने पदर सावरला.

"आजींना काय सांगितलंत ते आम्ही दोघींनी ऐकलं. विहीणबाईंचा निरोप आहे. पलंगाखाली कॅप्सूलची अजून खोकी पडलीयेत, झोपताना पाय आपटतो म्हणाल्या. लग्नाचं त्या बघतील, तुम्ही पुन्हा एकदा येऊन खरं बोला, म्हणजे हा धंदा तरी थांबेल म्हणाल्या." मग थोडं थांबून म्हणाली, "पण त्या हॉलमधली सगळी माणसं लग्नाला येणार आहेत. आजी सोडल्या तर बाकीच्यांसाठी तुम्ही एकोणसत्तरचेच आहात. तेव्हा मांडवात नाचू नका."