खोबरेल लावलेली गाडी

नवी गाडी घेऊन मी पहिल्यांदा श्रीवर्धनला आईकडे गेले, तेव्हा माझ्या पिशवीत पेढे कमी आणि गाडीचा शाम्पू, पॉलिश, मऊ फडकी जास्त होती. समुद्राची खारी हवा पत्रा खाते, म्हणून पोचल्या पोचल्या अंगणात गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतली, पॉलिश केली आणि सगळ्यांना बजावलं, "कुणी हात लावायचा नाही!"

जेवून जरा लवंडले. उठून बघते तर आई वाटी घेऊन गाडीभोवती फिरत होती. आमच्याकडे विळी, कोयता, दाराची कडी, जे जे गंजू शकतं त्या सगळ्याला खोबरेल लागतं. तिने बॉनेटपासून डिकीपर्यंत गाडी चोपडली होती. आतला डॅशबोर्डसुद्धा सुटला नव्हता. बाहेरच्या तेलावर वाऱ्याने उडालेली वाळू चिकटून गाडीचा पार रवा लावलेला बांगडा झाला होता.

माझं डोकंच फिरलं. "आई, अगं काय करून ठेवलंस हे? नवी गाडी आहे!"

"नवी आहे म्हणूनच," हाताला राहिलेलं तेल स्वतःच्या कोपरात जिरवत ती म्हणाली. "तुलापण जन्मल्यापासून हेच चोपडलं. गंजलीस का कुठे?"