आतेसासूचा गडू

चिंचेने तांब्याचा गडू घासताना हाताला येणारा आंबूस वास मला थेट त्या रणरणत्या दुपारी नेतो. काशीयात्रेहून परतलेली माझी आतेसासू गावी जाण्याआधी लालबागला आमच्या खोलीवर उतरली होती आणि तिला मुंबई दाखवायचं काम नव्या सुनेच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडलं होतं. मुंबादेवी, वाळकेश्वर, म्युझियम, गेटवे करता करता माझे पाय भरून आले. तिला तर बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. तरी लाखेने बंद केलेला गंगाजलाचा गडू ती माझ्या हाती देईना. "ह्या माझ्या शेवटच्या घोटासाठी आसा," म्हणायची. परत फिरू या म्हटलं, तर म्हणाली, "आता फ्लोरा फाउंटनाक ने." मी तिला घेऊन निघाले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात तिचा मुलगा तिथेच गोळी लागून पडला होता. तिथे पोचल्यावर तिने चपला काढल्या, फुटपाथच्या कडेवर आपटून गडूचं तोंड उघडलं आणि सगळं गंगाजल रस्त्यावर ओतलं. "मरताना माझ्या झिलाच्या तोंडात कोणी पाणी घातला नाय गो," एवढंच बोलली. तो चेपलेला गडू आता माझ्याकडे आहे. माझंही वय झालं. सून म्हणते, गंगाजल भरून ठेवू या. मी म्हणते, राहू दे रिकामाच.