अप्पांची लसूण-हळद

लोह्याजवळच्या आमच्या गावात अप्पा, म्हणजे माझे वडील, शेततळ्यात रोहू-कटला मासे पाळतात. गावात हे दुसरं कुणी करत नाही, त्यामुळे त्यांना शिकवायलाही कुणी नव्हतं. माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले की ते लसूण आणि ओली हळद ठेचायचे, शेंगदाण्याच्या पेंडीत कालवायचे आणि घमेलं दोनदा वाजवायचे. आवाजासरशी मासे कडेला यायचे.

शेजारचे काका बांधावरून ओरडायचे, "आता नुसती फोडणी राहिली. कढई आणू का?"

"आणा की. पण जेवायला बोलावणार न्हाई. बैलाला हळद चालते, मग माशाला का न्हाई?"

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लातूर जिल्ह्यात मत्स्यशास्त्र शिकते. पहिल्या वर्षी तळ्याच्या पाण्याचा धडा झाला आणि त्याच संध्याकाळी मी फोनवर म्हणाले, "अप्पा, असलं काही टाकत जाऊ नका. पाणी नासतं."

मला नीट माहीत होतं का? नव्हतं. आपण शिकतोय हे दाखवायची घाई झाली होती बहुतेक.

अप्पा एवढंच म्हणाले, "बरं, माय."

तेव्हापासून लसूण-हळद बंद झाली आणि ते सगळंच मला विचारू लागले. "आज ढग हाय, खाद्य टाकू का?" "पाणी लई हिरवं दिसून राहिलंय, काय करू?" पूर्वी ते पाण्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि काय करायचं ते स्वतःच ठरवायचे. त्या अप्पांची मला हॉस्टेलवर फार आठवण येते. रोज फोनवर बोलत असूनही.

यंदा आमच्या प्रयोगात एका टाकीतल्या माशांना साधं खाद्य द्यायचं होतं, दुसऱ्या टाकीत लसूण-हळद घातलेलं. हे माझे वडील करतात, असं वर्गात सांगावंसं वाटलं. पण 'करायचे' म्हणावं लागलं असतं. मी खाली मान घालून हळद तोलत राहिले.

सुट्टीत बसमधून उतरले ती थेट तळ्यावर गेले.

"अप्पा, माझं चुकलं. तुमची लसूण-हळद आम्ही कॉलेजात माशांना देऊन राहिलो."

ते हसले. "मग पाणी नासत न्हाई का?"

"बेतानं टाकलं तर नाही."

"बेतानं म्हणजे किती?"

वहीतलं प्रमाण मला पाठ होतं. ते मी सांगितलं नाही. "तुम्ही टाकायचात तेवढं."

त्यांनी खलबत्ता आणला. सोललेला लसूण मुठीत घेतला, थांबले, चार पाकळ्या परत खाली ठेवल्या.

"एवढा बास का, माय?"

ते त्यांनीच ठरवायला हवं होतं. मी पाण्याकडे तोंड करून बसले. मग मागे ठेचण्याचा आवाज सुरू झाला. त्या चार पाकळ्या त्यांनी उचलल्या की नाही, हे मी वळून पाहिलं नाही.