समोरची पाठ

पंधरा किलोमीटर झाले की माझं मन 'थांब' म्हणायला लागतं. पाय ठीक असतात, कुरकुरतं ते मन. त्यावर मी एक उपाय शोधला होता. समोर पळणाऱ्या कुणाची तरी पाठ धरायची आणि त्या माणसाला मराठीत नावं ठेवत त्याच्या मागे लागायचं. दिल्लीत कुणाला कळतंय, या भरवशावर मी चांगला मोठ्याने बोलायचो.

त्या थंडीत गुरुग्रामच्या हाफ मॅरेथॉनमध्ये माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या, जेमतेम दोन हातांवर. चार किलोमीटर माझं तोंड चालू होतं. "या म्हातारीला घरी कुणी विचारत नाही वाटतं. बदकासारखी चाललीय नुसती. हिच्याही मागे राहणार तू?" त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. शेवटी मी त्यांना मागे टाकलं आणि वर खूशही झालो.

शर्यत संपवून मी गवतावर बसलो होतो. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात सोललेलं संत्रं होतं.

"गाव कोणतं तुमचं?" त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं.

अकोला म्हणायला माझं काय जात होतं? पण मी म्हणालो, "सॉरी आंटी, मराठी नहीं आती."

त्या मराठीतच म्हणाल्या, "असू दे. संत्रं घ्या. बोलून बोलून घसा सुकला असेल."

आणि मी हात पुढे केला.